धरणात मासे आहेत, पण कोणते?

मित्रांनो, एक सोपा प्रश्न विचारते. नदीवर धरण बांधलं की मासे वाढतात की कमी होतात?

घाई करू नका हं! मी तुमच्याएवढी असताना घाई केली होती, आणि त्या घाईला चक्क बक्षीस मिळालं होतं.

झालं असं, की मी आठवीत असताना आमच्या शाळेत निबंध स्पर्धा होती. विषय होता 'धरणाचे फायदे'. माझ्या मामाचं गाव मुळशी धरणाच्या जवळ, त्यामुळे हा विषय म्हणजे घरचाच मामला! मे महिन्याच्या सुट्टीत मामाबरोबर आठवड्याच्या बाजाराला गेले होते, ते आठवलं. तिथे आसपासच्या धरणांतल्या माशांचे ढीगच्या ढीग लागलेले. कटला, रोहू आणि चिलापी. मग काय, निबंधात ठोकून दिलं : 'धरणामुळे माशांना भरपूर पाणी मिळाले व त्यांची संख्या वाढली.' पहिला नंबर आला. शाईचं पेन मिळालं.

दिवाळीच्या सुट्टीत वही घेऊन पुन्हा मामाकडे गेले. ओसरीवर एक कातकरी म्हातारबाबा जाळं शिवत बसले होते. मामाच्या शेतावर ते कामाला येत, आणि उरलेला वेळ ओढ्यात काढत. मामानं मोठ्या कौतुकानं मला निबंध वाचायला लावला. बाबांनी सगळा ऐकून घेतला. मासळीचं वाक्य आलं तेव्हा त्यांचा सुईचा हात थांबला.

"पोरी, मासं लई हायेत, ते खरं," ते म्हणाले. "पर यातलं आपलं कोन हाय?"

मला प्रश्नच कळला नाही. मासे ते मासे! त्यात आपले आणि परके कसले?

बाबांनी एकेक बोट मिटत नावं घेतली. मळ्या, शिंगटी, वांब, मरळ, कोळशी, खडशी... एका हाताची बोटं संपली, दुसऱ्याची सुरू झाली. मी बाजारात पाहिलेला एकही मासा त्या यादीत नव्हता. आणि गंमत म्हणजे, माझ्या निबंधातला एकही मासा मुळा नदीचा नव्हता! कटला आणि रोहू उत्तरेकडच्या गंगेच्या खोऱ्यातले. त्यांचं बीज आणून धरणांत सोडतात. आणि चिलापी तर थेट आफ्रिकेतली.

त्या दिवशी मला माझ्या पेनची थोडी लाजच वाटली. पण तो प्रश्न मात्र डोक्यातनं गेला नाही. पुढे कॉलेजात प्राणिशास्त्र घेतलं, त्यामागे तोच होता म्हणा ना!

कॉलेजच्या ग्रंथालयात एक दिवस एक मोठा धागा हाती लागला. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी सायक्स नावाचा एक इंग्रज लष्करी अधिकारी पुण्याकडे होता. मुंबई सरकारसाठी तो या मुलखाची माहिती गोळा करायचा. पिकं किती, माणसं किती, पाऊस किती. त्याच नादात त्यानं पक्षी पाहिले, प्राणी पाहिले आणि दख्खनच्या नद्यांतले मासेही. १८३९ साली त्याचं माशांवरचं लेखन प्रसिद्ध झालं. चाळीसहून अधिक जातींचं वर्णन त्यात आहे.

आता खरी गंमत ऐका. नव्या जातीला शास्त्रीय नाव द्यायचं तर लोक लॅटिन किंवा ग्रीक शब्द शोधतात. सायक्सनं काय केलं? मासेमारी करणारे आपले लोक ज्या नावानं मासा ओळखत, तेच नाव पुष्कळदा उचललं! म्हणून आज जगभरातल्या शास्त्रज्ञांच्या पुस्तकात 'गारा मुल्ल्या' आहे, तो आपला मळ्या. 'मिस्टस सींगटी' आहे, ती आपली शिंगटी. आणि 'टॉर खुद्री' आहे, ती बाबांची खडशी. कुणी खडशी म्हणतं, कुणी खुद्री, आणि हल्ली सगळे महसीर म्हणतात. सायक्सला ती पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेतच मिळाली होती.

बाबा शाळेत गेले नव्हते. सायक्सचं नाव त्यांनी ऐकलेलं असणं शक्यच नाही. पण त्यांच्या बोटांवरची यादी आणि लंडनमध्ये छापलेली यादी एकमेकींना भेटत होत्या! मला अंगावर काटा आला. म्हणजे धरणाच्या आधी या नदीत कोण राहत होतं, हे सांगणारे दोन साक्षीदार होते. एक कागदावरचा आणि एक ओसरीवरचा.

आता धरणाकडे वळू या. मुळशीचं धरण साधं पाटबंधाऱ्याचं नाही, विजेसाठीचं आहे. ते होऊ नये म्हणून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ पासून मुळशीच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, हे तुम्ही इतिहासात वाचलं असेल. अखेर धरण झालं, आणि १९२७ मध्ये सह्याद्रीच्या पायथ्याला भिऱ्याचं वीजघर सुरू झालं. धरणात साठलेलं पाणी नळांमधून सुमारे ५०० मीटर खाली कोकणात सोडायचं, त्याच्या जोरावर चक्रं फिरवायची आणि वीज मुंबईकडे न्यायची, अशी ही योजना. नकाशा काढा आणि बोट फिरवा. मुळेचं पाणी खरं तर मुठेला मिळून भीमेला, मग कृष्णेला आणि शेवटी बंगालच्या उपसागराला जायचं. आता त्यातला मोठा वाटा डोंगर उतरून कुंडलिका नदीत जातो आणि अरबी समुद्राला मिळतो. नदीनं तोंडच फिरवलं म्हणा ना!

तुम्ही म्हणाल, मग माशांचं काय बिघडलं? समुद्रातून नदीत येणारे मासे धरणाशी अडतात, हे ठीक. पण जे नदीतच जन्मतात आणि नदीतच मरतात, ते रहिवासी मासे. त्यांना कुठं जायचंय?

मलाही असंच वाटायचं. पण कोकणातल्या किंवा मावळातल्या कुणालाही विचारा, पहिल्या पावसात काय होतं? वलगण! चढणीचे मासे! मृगाचा पाऊस कोसळला, गढूळ पाण्याचा लोंढा आला, की मासे प्रवाहाच्या उलट दिशेनं वर वर निघतात. ओढ्यात, नाल्यात, पार भातखाचरातसुद्धा. कशासाठी? अंडी घालायला. उन्हाळ्यात डोहात राहायचं आणि पावसाळ्यात उथळ, वाहत्या, खडकाळ पाण्यात बाळंतपणाला जायचं. माहेर आणि सासर एकाच नदीवर, इतकंच. म्हणजे रहिवासी माशालाही प्रवास आहेच. आणि त्या वाटेत भिंत उभी राहिली, तर?

ही झाली पहिली अडचण. दुसरी अडचण भिंतीच्या मागे असते. तिथे नदीचा तलाव होतो. मळ्या हा मासा तुम्ही पाहिलाय का? बोटाएवढा असतो. त्याच्या हनुवटीखाली एक गोल चकती असते. तिच्या जोरावर तो धो धो पाण्यात दगडाला चिकटून बसतो आणि दगडावरचं शेवाळ खरवडून खातो. आता तलावाच्या तळाशी काय असतं? गाळ आणि अंधार. ना धार, ना शेवाळलेले दगड. मळ्याच्या त्या सुरेख चकतीचा तिथे उपयोग काय! खडशीचंही तसंच. तिच्या अंड्यांना स्वच्छ, खेळतं पाणी लागतं. गाळ बसला की अंडी गुदमरतात. संथ पाणी आवडणारी चिलापी मात्र तिथे मजेत वाढते. माझा बाजारातला ढीग आला तो असा!

तिसरी अडचण भिंतीच्या पुढे. धरणाखालच्या मुळेत पावसाळा सोडला तर पाणी उरतं थोडं. डोह आटतात, एकमेकांपासून तुटतात. आणि डोंगरापलीकडे कुंडलिकेत उलटीच तऱ्हा. वीजघर चाललं की पाणी येणार, थांबलं की उतरणार. कोलाडला लोक रबरी होड्यांतून नदीची मजा लुटायला जातात ना? ते सकाळी वीजघराकडून पाणी सुटण्याची वाट पाहतात. माणसांना वेळापत्रक कळतं. पण काठाच्या उथळ पाण्यात घातलेल्या अंड्यांना कोण सांगणार, की आता पाणी उतरेल आणि तुम्ही उघड्यावर पडाल? पूर्वी नदी ऋतूंप्रमाणे चढायची आणि उतरायची. आता ती दिव्याच्या बटणाप्रमाणे चढते-उतरते.

हे सगळं वाचून मी पुन्हा घाई करणार होते! 'धरणाने मासे संपवले' असा दुसरा निबंध मनात तयारच होता. पण आमच्या एका प्राध्यापकांनी फक्त एवढंच विचारलं, "तुला कसं माहीत? मोजलंस का?"

मग आम्ही तिघी मैत्रिणी मोजायला निघालो. आणि कळलं, की मासे मोजणं हे अंगणातल्या कोंबड्या मोजण्याएवढं सोपं नाही. मासा एका जागी थांबत नाही, हाक मारली तर येत नाही! म्हणून त्याचे काही नियम आहेत. जाळं सगळीकडे एकाच मापाचं हवं. कारण मोठ्या भोकाचं जाळं टाकलं, तर मळ्या हसत हसत निसटणार आणि तुम्ही लिहिणार 'मळ्या नाही'. वेळ आणि ऋतूही सारखा हवा. जागा निदान चार हव्यात : धरणाच्या वर, धरणात, धरणाखाली, आणि धरणच नसलेल्या जवळच्या एखाद्या ओढ्यात. ती चौथी जागा फार महत्त्वाची बरं का! तिच्याशी तुलना केल्याशिवाय बाकीच्या तिघींचा दोष कळत नाही.

मग मासा हातात आला की काय पाहायचं? जात, लांबी, वजन. मोठ्या माशाचा एखादा खवला भिंगाखाली धरला, तर त्यावर वर्तुळं दिसतात. झाडाच्या खोडात असतात ना, तशी. त्यावरून वयाचा अंदाज येतो. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे पिल्लं आहेत का? एखाद्या गावात सगळी म्हातारी माणसंच दिसली आणि अंगणात एकही पोर नसेल, तर गाव भरलेलं दिसलं तरी आपण काय समजतो? माशांचंही तसंच. हल्ली तर नदीचं नुसतं बाटलीभर पाणी घेऊन प्रयोगशाळेत तपासतात. माशाच्या अंगावरून सुटलेले सूक्ष्म अंश त्यात असतात, त्यावरून तिथे कोणत्या जाती आहेत ते ओळखता येतं. आमच्या वेळी हे नव्हतं. आमच्याकडे होतं एक जाळं, एक फूटपट्टी, एक तापमापी आणि गुडघाभर चिखल!

तीन दिवस आम्ही पाण्यात होतो. धरणावरच्या ओढ्यात पहिल्याच सकाळी एक मळ्या माझ्या तळहाताला चिकटला. हात उलटा केला तरी सुटेना! तलावाच्या काठाला मात्र तिन्ही दिवसांत एकही मळ्या मिळाला नाही. चिलापी भरपूर. खडशी कुठेच नाही. तीन दिवसांच्या मोजणीवरून काही सिद्ध होत नाही, हे मी आता घाई न करता सांगते. पण बाबांचा प्रश्न चुकीचा नव्हता, एवढं समजलं.

आणखी एक गोष्ट समजली. सगळा दोष एकट्या धरणाचा नसतो. मुळा पुण्यात शिरली की तिच्यात सांडपाणी मिसळतं. वाळू उपसतात. काही ठिकाणी सुरुंग लावून किंवा पाण्यात विष कालवून मासे मारतात. बाहेरचे मासे येऊन घरच्यांचं अन्न खातात. कुठल्या कारणाचा किती वाटा, हे वेगळं काढणं म्हणजेच खरी मोजणी. नाहीतर आपण एकाला शिक्षा करायचो आणि बाकीचे चोर मोकळे!

जिवंत खडशी मी पाहिली ती शेवटी मुळेत नाही, तर महाड तालुक्यात वाळणकोंड नावाच्या डोहात. तिथले मासे देवीचे मानतात, कुणी धरत नाही. मी चुरमुरे टाकले, आणि हिरवट काळ्या पाण्यातून हाताएवढी लांब, तळव्याएवढे खवले चमकवत ती वर आली. मला पहिल्यांदा आठवले ते बाबा. ते म्हणायचे, "खडशी जाळ्यात आली की दोघांनी वढायचं, एकल्यानं नाय."

आता खडशीची पुढची गोष्ट ऐका, कारण तिच्यात एक धडा आहे. लोणावळ्याजवळ वळवणचं धरण आहे, तेही विजेसाठीचंच. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी नावाचे मत्स्यशास्त्रज्ञ होते. त्यांनी खडशीची अंडी, पिल्लं, त्यांची वाढ यांचा बारकाईनं अभ्यास केला आणि १९७१ साली तो प्रसिद्ध केला. त्याच दशकात वळवणला खडशीची पिल्लं कृत्रिम रीतीनं वाढवण्याचं केंद्र उभं राहिलं. ज्या माशाची नदीतली वाट अडली, त्याच्यासाठी पाळणाघरच! तिथून लाखो पिल्लं ठिकठिकाणच्या तलावांत आणि नद्यांत सोडली गेली. काही वर्षांपूर्वी जागतिक यादीत खडशीचं नाव 'धोक्यात' या वर्गातून काढून 'फारशी चिंता नाही' या वर्गात घातलं गेलं. टाळ्या वाजवाव्यात अशीच बातमी, नाही का?

थांबा, घाई नको! त्यातली काही पिल्लं कर्नाटकात कावेरी नदीतही सोडली होती. कावेरीत आधीच तिची स्वतःची महसीर होती. पाठीवर कुबड असलेली, प्रचंड वाढणारी, जगात दुसरीकडे नसलेली. तिथे गळ टाकून मासे पकडणारे आणि पुन्हा पाण्यात सोडून देणारे हौशी लोक वहीत नोंद ठेवत. १९९८ ते २०१२ पर्यंतच्या त्या नोंदी शास्त्रज्ञांनी तपासल्या, तेव्हा दिसलं, की सोडलेली खडशी वाढत गेली आणि कावेरीची कुबडवाली महसीर कमी होत गेली. २०१८ मध्ये तिची शास्त्रीय ओळख पक्की झाली आणि नाव लागलं ते 'नष्ट होण्याच्या उंबरठ्यावर' या वर्गात.

पाहिलंत? तिथेही नुसतं 'महसीर किती?' असं विचारलं असतं, तर उत्तर आलं असतं 'वाढल्या!' 'कोणत्या महसीर?' असं विचारलं तेव्हा खरं कळलं. आमच्या बाबांनी ओसरीवर बसून विचारलेला प्रश्न तो हाच! आमच्या खडशीचा यात काही दोष नाही. इथे ती आपली, तिथे ती परकी. नदी बदलली की आपलं-परकं बदलतं.

मग काय, धरणं पाडायची? तसं मी म्हणत नाही. मी अभ्यास केला तो विजेच्या दिव्याखाली, आणि हा लेखही दिव्याखालीच लिहितेय. पण धरणाखाली बाराही महिने थोडं पाणी वाहतं ठेवता येतं. वीजघरातलं पाणी एकदम न सोडता हळूहळू चढवता-उतरवता येतं. तलावाला मिळणारा एखादा चांगला ओढा बांधबंधारे न घालता मोकळा ठेवता येतो, म्हणजे चढणीच्या माशांना निदान एक वाट उरते. यातलं कुठे काय करायचं, ते मोजणी सांगते. आणि मोजणीला सुरुवातीचा आकडा लागतो. धरणाच्या आधी काय होतं, हे कुणी लिहूनच ठेवलं नसेल, तर गेलेल्या माशाची उणीवही भासत नाही. मला आठवीत भासली होती का?

बाबा आता नाहीत. त्यांच्या नातवाला मी मागच्या वर्षी विचारलं, "ओढ्यातल्या माशांची नावं सांग पाहू." त्यानं चार सांगितली आणि पाचव्याला अडखळला. नदीतून मासा जातो तो जातोच. पण त्याच्या पाठोपाठ नावही जातं, आणि मग तो होता हेसुद्धा कुणाला ठाऊक राहत नाही.

म्हणून तुम्हाला एक काम सांगते. अवघड नाही. सुट्टीत गावी गेलात की आजी-आजोबांना, मासेवाल्या मावशींना, जाळं शिवत बसलेल्या एखाद्या बाबांना विचारा, "तुमच्या लहानपणी आपल्या नदीत कोणकोणते मासे होते?" नावं त्यांच्याच बोलीत, त्यांच्याच उच्चारात लिहा. पुढे गाव, नदी आणि तारीख घाला. त्यातले आता कोणते दिसतात, त्यावर खूण करा. झाली तुमची पहिली मोजणी! पाण्याशी जाताना मोठ्यांना बरोबर न्या मात्र. वीजघराच्या खालच्या नदीत तर पाणी न सांगता चढतं.

माझी आठवीतली वही अजून आहे. त्या बक्षीसपात्र वाक्याखाली त्याच पेनानं मी एक ओळ लिहून ठेवलीय : 'चूक. कोणते मासे, ते लिहायचे राहिले.' आणि त्याखाली बाबांनी बोटं मिटत सांगितलेली सगळी नावं.

तुमच्या वहीत किती भरतात, ते कळवाल ना?